निशिगंध: सिंगल लावावा की डबल?

सिंगल म्हणजे पाकळ्यांची एकच ओळ असलेला निशिगंध, डबल म्हणजे थरांवर थर असलेला. नर्सरीत गेलं की हात आपोआप डबलकडे जातो. फूल भरगच्च, दांडा जाडजूड. चार वर्षांपूर्वी मखमलाबादच्या घरी कुंपणालगत मी अर्धा वाफा डबलचा केला आणि अर्धा सिंगलचा. माती तीच, शेणखत तेच, कंदही मे महिन्यात एकाच दिवशी लावले.

फुलदाणीत डबलला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. घरात ठेवायला चार दांडे एवढंच हवं असेल, तर डबल खुशाल लावा.

माझं मन फिरलं ते श्रावणात. निशिगंध दांड्यावर खालून वर उमलत जातो. डबलची खालची चार-सहा फुलं उमलायची आणि वरच्या कळ्या मिटलेल्याच राहायच्या. पावसाची झड लागली की त्या चॉकलेटी पडायच्या. एक कळी चिमटीत दाबली तर आतून पाणी आलं. पाकळ्यांचे थर इतके दाट, की शिरलेलं पाणी निघतच नसावं. त्यात भिजलेल्या फुलांचं ओझं, त्यामुळे सकाळी दांडे चिखलात आडवे. बांबूच्या कामट्या बांधून पाहिल्या. तरी गौरी-गणपतीला आईने फुलं मागितली, तेव्हा डबलची धड ओंजळभरही निघाली नाहीत. शेजारच्या सिंगलने परडी भरली. सिंगलला पाकळ्यांची एकच ओळ, पाणी टिकतच नाही.

वासही मला सिंगलचाच सरस वाटतो. दिवेलागणीला ओसरीवर बसलं की कुंपणापासून येतो. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

माझा सिंगल प्रज्वल जातीचा आहे. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने शृंगार आणि मेक्सिकन सिंगल यांच्या संकरातून ही जात काढली.

बाकी दोघांचे लाड सारखेच. आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की कंद कुजतात, म्हणून वाफा वीतभर उंच घ्या. थंडीत दोन्ही मंदावतात. दोन-तीन वर्षांनी गड्डा दाटला की उपटून कंद सुटे करावे लागतात.

यंदा मार्चमध्ये गड्डे काढले, तेव्हा डबलचे कंद शेजारच्या काकूंना दिले. त्यांच्या गच्चीवर पारदर्शक पत्रा आहे. ऊन मिळतं, पाऊस लागत नाही. माझ्या वाफ्यात आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सिंगल आहे.