वॉशिंग्टनची फेरमोजणी : मोजणी चोख, सहीचं टेबल कच्चं

सिअ‍ॅटल ज्या राज्यात येतं त्या वॉशिंग्टनमधली मतांची फेरमोजणी ही सेवा कितपत भरवशाची, हे जोखायला २००४ ची गव्हर्नर निवडणूक पुरेशी आहे : डेमोक्रॅट क्रिस्टीन ग्रेग्वार विरुद्ध रिपब्लिकन डिनो रॉसी. (तिथला गव्हर्नर लोक निवडतात आणि तोच कारभार हाकतो. आपल्या राजभवनातल्या राज्यपालाशी गल्लत नको.)

सुमारे २८ लाख मतांत रॉसी २६१ ने पुढे निघाले. फरक २,००० च्या आत, म्हणून यंत्रावरची फेरमोजणी कायद्यानेच झाली, उमेदवाराला खर्च शून्य. फरक उरला ४२. यापेक्षा जास्त अपेक्षा यंत्राकडून ठेवू नये. गोल भरायच्या ऐवजी कोणी त्याभोवती नुसतं कडं काढलं असेल, तर यंत्र दुसऱ्यांदाही त्याकडे काणाडोळा करणार.

हाताने मोजणी हवी तर मतपत्रिकेमागे २५ सेंट अनामत. डेमोक्रॅटिक पक्षाने राज्यभरासाठी सुमारे ७ लाख ३० हजार डॉलर भरले. निकाल उलटला तर खर्च मागणाऱ्यावर पडत नाही, ही अट ग्राहकाच्या सोयीची. मतपत्रिका उमेदवारवार वेगळ्या करून मोजतात, पक्षांचे निरीक्षक समोर असतात, वादाची मतपत्रिका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कॅनव्हासिंग बोर्डापुढे, म्हणजे मत ग्राह्य की बाद हे ठरवणाऱ्या मंडळापुढे जाते. वेळखाऊ काम, पण पैसे वसूल.

खरी रड मोजणीच्या आधीच्या टेबलावर. टपाली मताच्या लखोट्यावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळवतात. सिअ‍ॅटल ज्यात येतं त्या किंग काउंटीत काही मतदारांच्या सह्या संगणकात चढवलेल्याच नव्हत्या. अशा वेळी कागदी नोंदणी कार्ड काढून बघायचं असतं. ते न करता लखोटे थेट बाद! पहिली मोजणी, यंत्राची फेरमोजणी, दोन्ही होऊन गेल्या तरी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाद लखोटा मोजणीच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. काउंटी कौन्सिलचे सदस्य लॅरी फिलिप्स यांना बाद यादीत स्वतःचंच नाव सापडलं, तेव्हा शोधाशोध सुरू झाली. असे लखोटे निघाले ७०० च्या वर. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ डिसेंबरला ते विचारात घ्यायला मुभा दिली. हाताच्या मोजणीत त्यांच्याविना ग्रेग्वार यांची आघाडी होती १०, ते धरून अंतिम आकडा १२९.

म्हणून ही सेवा घेणाऱ्या पक्षाने अनामत भरण्याआधी बाद लखोट्यांची यादी मागवावी आणि प्रत्येक नावापुढचं कारण वाचावं. ‘सही जुळत नाही’ आणि ‘सही सापडत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कोर्टाचा पर्याय मात्र महाग आणि कोरडा. रॉसींच्या बाजूने निकालाला आव्हान दिलं गेलं. न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी हजाराहून जास्त मतं बेकायदा ठरवली, पण ती कोणाला पडली याचा पुरावा मागितला. जून २००५ च्या निकालात तसा पुरावा भरला तो पाच मतांपुरता. त्यातली चार रॉसींची होती, एक तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचं. ती वजा झाली, फरक १३३ वर गेला.