ग्रंथाचा शब्द की कुळागरातली मिरी?

पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या मते पिंपळी, पांढरी आणि काळी मिरी एकाच झाडाची: कोवळी शेंग पिंपळी, कच्चा दाणा पांढरा, पिकलेला काळा. युरोपात हा शब्द शतकानुशतके प्रमाण मानला गेला.

पडताळायला गोव्यात फोंड्यातलं एक कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्यांची बाग, पुरे. पूर्ण वाढलेले हिरवे दाणे ४-५ दिवस कडक उन्हात वाळवले की साल आक्रसून काळी मिरी. १०० किलोची साधारण ३३. लाल पिकलेले दाणे ७-१० दिवस पाण्यात भिजवून साल चोळून काढली की पांढरी, साधारण २५. म्हणजे ग्रंथातला क्रम उलटा. पाणी रोज बदललं नाही तर कुबट वास येतो, त्यात वेलीचा दोष नाही. पिंपळीची तर वेलच वेगळी.

बचनाग या विषारी औषधी मुळीच्या मात्रेला मात्र ग्रंथच धरावा. ती चाखून ठरवायची गोष्ट नव्हे.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. स्पेनमध्ये गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याविरुद्ध बोलायला धजावलो नसतो, असं त्यात तो सांगतो. इथली मोकळीकही अर्धीच: १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. आरोप वनस्पतींबद्दल नव्हता, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा होता.