अलर्टमॅनेजर: दोन चवथींनंतरचा अभिप्राय

आमची सहा जणांची टीम पणजीत पाटोला बसते. गोव्यातल्या छोट्या हॉटेलांची खोल्यांच्या बुकिंगची प्रणाली आम्ही सांभाळतो आणि टीमची जबाबदारी माझ्यावर आहे. प्रणालीवर लक्ष ठेवायला प्रोमिथियस आणि इशारे पोचवायला त्याचाच जोडीदार अलर्टमॅनेजर, अशी आमची मांडणी. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, परवान्याचा खर्च शून्य. प्रोमिथियसची सुरुवात २०१२ साली साउंडक्लाउड या ऑनलाइन संगीताच्या कंपनीत झाली. २०१६ मध्ये तो क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेत गेला, कुबरनेटीस या प्रसिद्ध प्रकल्पानंतरचा तिथला दुसरा प्रकल्प म्हणून. दर्जाबद्दल मला शंका नव्हती. वापरायचा कसा, हे मात्र मला एका चवथीने शिकवलं.

आमच्यातला सगळ्यात तरुण मुलगा पेडण्याचा. त्या वर्षी चवथीच्या संध्याकाळी फोनवर येणारे इशारे बघण्याची पाळी त्याची होती. घरी आरती चालू असताना त्याचा फोन अकरा वेळा वाजला. माटोळीखालून उठून त्याने आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. इशारा होता: सीपीयू, म्हणजे सर्व्हरच्या प्रोसेसरचा वापर, ८० टक्क्यांच्या वर. तो बघेपर्यंत आकडा खाली आलेला. पुन्हा वर, पुन्हा फोन. हॉटेलांची बुकिंगं सगळा वेळ सुरळीत चालू होती.

सुट्टीनंतर तो नेवऱ्यांचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, आई विचारत होती, आरतीतून उठवण्याइतकं काय झालं होतं? मला सांगता आलं नाही."

इशारा कधी द्यायचा हे ठरवणारा तो नियम मी लिहिला होता. नियमात 'फॉर' नावाची एक ओळ घालता येते: अट सलग पाच मिनिटं टिकली तरच इशारा द्या, असं तिथे सांगायचं. मी ती घातलीच नव्हती. पण खरी चूक त्याच्याही आधीची. सीपीयू वर गेल्यावर त्या मुलाने नेमकं काय करावं, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. प्रोमिथियसच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की इशारे मोजके ठेवा आणि वापरणाऱ्याला जे दुखतं त्यावर ठेवा. ते मी वाचलं होतं, पण त्या आईचा प्रश्न ऐकेपर्यंत त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

त्यानंतर आम्ही सगळे नियम छापून टेबलावर पसरले. प्रत्येकापुढे एकच रकाना: रात्री तीनला उठून काय करायचं? जिथे रकाना रिकामा राहिला, तो नियम फोनवरून काढला. काही सकाळच्या ईमेलमध्ये गेले, बरेचसे पुसूनच टाकले. फोन वाजवणारे नऊ उरले.

आता अलर्टमॅनेजरचं जे मला मनापासून आवडतं ते. जूनमध्ये काणकोणात वीज गेली की तिथल्या आमच्या सगळ्या हॉटेलांतले छोटे संगणक एकदम गप्प होतात. पूर्वी प्रत्येक हॉटेलचे तीन-चार इशारे वेगवेगळे येत. आता 'ग्रुप बाय'मध्ये तालुका दिलाय. पहिला इशारा आल्यावर तो ३० सेकंद थांबतो, मागून येणारे गोळा करतो आणि एकच निरोप पाठवतो. काणकोण, अमुक हॉटेलं, बस. त्याच्या जोडीला 'इनहिबिशन': हॉटेलचा संगणकच बंद असेल तर त्याच हॉटेलचा 'माहिती मागे पडली' हा इशारा दाबून ठेव. चार ओळींचं काम, पण रात्री उठणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की वीज गेली आहे, आपली प्रणाली नाही.

'सायलेन्स'बद्दल, म्हणजे एखादा इशारा काही काळ गप्प करण्याच्या सोयीबद्दल, मात्र सावध करते. कोणी लावला आणि का, हे लिहिल्याशिवाय अलर्टमॅनेजर तो लावू देत नाही. ही शिस्त चांगली. पण सायलेन्स म्हणजे रजा नव्हे. एकाला आराम मिळावा म्हणून लावलात तरी तो इशारा सगळ्यांसाठीच बंद होतो. पाळ्यांचं वेळापत्रक अलर्टमॅनेजरमध्ये नाहीच. ते वेगळ्या साधनात किंवा कागदावर ठेवावं लागतं. आमचा तक्ता पाण्याच्या मशीनशेजारी भिंतीवर आहे, आणि पाळी बदलली की निरोप कुणाला जायचा ते मांडणीत बदलतो. मांडणीची ती फाइल यामेल नावाच्या लेखनपद्धतीत असते आणि नवख्याला त्रास देते, एक रिकामी जागा चुकली की सगळं अडतं. अलर्टमॅनेजरसोबत येणाऱ्या 'ॲमटूल' या साधनाने आधी तपासून घ्या, कुठला इशारा कुणाकडे जाईल तेही त्यात पाहता येतं.

आणखी एक नियम नक्की ठेवा: कायम पेटलेला इशारा, ज्याला 'वॉचडॉग' म्हणतात. तो बाहेरच्या एखाद्या सेवेकडे सतत जात राहतो. यायचा थांबला की ती सेवा आपल्याला कळवते. नाहीतर इशारे देणारी यंत्रणाच पडली तर ते सहजी कळत नाही. फोन शांत आहे म्हणून खुशाल राहण्याची चूक आमच्याकडून एकदा झाली आहे.

दोन-तीन जणांची टीम असेल आणि यंत्रणा सांभाळायला कुणाला वेळ नसेल, तर पैसे देऊन तयार सेवा घ्या. आमच्याएवढ्या टीमला मी अलर्टमॅनेजरच सुचवेन, पण मांडणी एकट्या प्रमुखाने लिहू नये. ज्यांचा फोन वाजणार आहे त्यांनी सोबत बसलं पाहिजे. आमच्याकडे आता नवा नियम पेडण्याच्या त्या मुलाने मान्य केल्याशिवाय जात नाही, आणि माझे दोन त्याने परत पाठवलेत.

यंदाच्या चवथीला संध्याकाळी सात ते दहा सगळे निरोप माझ्या फोनवर वळवले होते. आमच्या डिचोलीच्या घरी आरती दुपारीच होते. एकच आला, साडेआठला: सत्तरीतल्या एका हॉटेलात बुकिंग होत नव्हतं. खरोखरच होत नव्हतं. वीस मिनिटांत सुरू केलं आणि पेडण्याच्या त्या मुलाला काहीच कळवलं नाही.