कातरवेळ उजळून टाकणारा कॅमेरा : अकरा महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत 23 हजारांना घेतलेल्या फोनबद्दल आत्ता लिहायला बसले, कारण मागच्या महिन्यात कासच्या पठारावर त्याच्या लेन्सच्या आत धुकं साचलं. मेगापिक्सेल, बॅटरी सगळ्यांना पाठ आहे, ते सोडते. मी फोन घेतला तो एकाच कामासाठी. वाई-सातारा रोज एसटीने जाते-येते. वाटेत दिसेल ते टिपायचं आणि रात्री त्याखाली चार ओळी लिहायच्या.

दिवसा तक्रार नाही. पाचवडच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या, स्टॉपवर एका छत्रीत उभ्या तीन शाळकरी मुली, चालत्या गाडीतूनही हे सगळं नीट येतं. माझं भांडण आहे ते संध्याकाळशी.

डिसेंबरात मेणवलीच्या घाटावर गेले होते. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या काठी ती मोठी घंटा आहे ना, 1707 सालची, मेरी आणि बाळ येशू कोरलेली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथून आणलेली. दिवे लागणीची वेळ. घंटेखाली उभं राहून वर बघितलं तर आत काळाकुट्ट अंधार, आणि मला तोच हवा होता. फोनने ‘हलवू नका’ म्हणत दोन-तीन सेकंद घेतले आणि हातात ठेवली भर दुपार. घंटेच्या आतली जळमटंसुद्धा मोजता येतील इतका उजेड. नदी निळी, पायऱ्या सोनेरी. त्या फोटोखाली माझ्या या ओळी खोट्या पडल्या :

वसईहून आलेली घंटा
घाटावर गप्प टांगलेली;
तिच्या पोटातला अंधार
अजून तिथलाच.

नाइट मोड एकामागून एक अनेक फोटो घेतो, ते जोडतो आणि सावल्या उचलतो. लग्नाच्या मांडवात ते बरं असेल. पण अंधारच टिपायचा असेल त्याने काय करायचं? मार्चपर्यंत मी ओळखीच्या प्रत्येकाला हा फोन घेऊ नका म्हणून सांगत होते.

ते मत बदललं. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी ऑटो नाइट मोड बंद करायची सोय निघाली. आता घंटेच्या कडेवर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर (म्हणजे फोटोतला उजेड) लॉक करते, उजेड कमी करायला पडद्यावरची सूर्याची खूण खाली ओढते, अगदी अंधार असेल तर फोन पायरीवर टेकवून टायमर लावते. एप्रिलमध्ये पुन्हा मेणवलीला गेले. अंधार आला, जसाच्या तसा. घाटावरच बसून कितीतरी वेळ तो फोटो बघत होते. ही सोय पहिल्या दिवशी समोर का नसावी, हा राग मात्र आहेच.

मग सप्टेंबर, कास. सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा, त्यात तेरडा, सोनकी. अगदी जवळून टिपायची मॅक्रो लेन्स वापरूच नका, फूल पुसट येतं; मुख्य लेन्सने 2x झूमवर घ्या. वर नुसती भुरभुर होती, फोन ओढणीखाली होता. तरी परतताना सगळे फोटो दुधाळ.

वॉरंटीला महिना शिल्लक होता, म्हणून साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला गेले. सिमच्या खाचेतला, पाणी लागलं की रंग बदलणारा ठिपका लाल झालेला. “मॅडम, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. कॅमेरा बदलायला 4,800.” जाहिरातीत फोनवर पाऊस पडताना दाखवता, मग भुरभुरीचं पाणी वेगळं का, हे मी तीन खेपांत तिघांना विचारलं. तिघांनीही तोच छापील कागद पुढे केला. एसटीचं भाडं आणि तीन अर्ध्या रजा गेल्या त्या वेगळ्याच.

शेवटी वाईच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने पाठ उघडली, काच आतून पुसली, सुकवून नवीन गम लावला. 450 रुपये. “ताई, आता मात्र पावसात काढू नका,” म्हणाला. चित्र पुन्हा स्वच्छ आहे, फक्त डाव्या कोपऱ्यात बारीक ठिपका राहिलाय, मोकळं आभाळ टिपलं की दिसतो. 4,350 वाचले म्हणून तो चालवून घेतेय.

पैसे वसूल झाले का? फोटोंच्या बाबतीत हो. सर्व्हिससाठी त्या कंपनीच्या दारात मी पुन्हा जाणार नाही. पुढचा फोन घेताना दुकानदाराला काउंटरखालचं कपाट उघडायला सांगेन आणि आधी त्यातल्या अंधाराचा फोटो काढून बघेन.