शीपइट, फ्लेमेंको की बॉइंक: फुकटातला रेंडर फार्म निवडताना

दीड मिनिटाची फिल्म, २४ फ्रेम प्रतिसेकंद, म्हणजे २,१६० फ्रेम. ब्लेंडर या ३डी ॲनिमेशन सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनमध्ये एक फ्रेम रेंडर करायला, म्हणजे तिचं अंतिम चित्र काढायला, ६ मिनिटं लागत असतील तर एकाच मशिनवर २१६ तास, पूर्ण नऊ दिवस. शेवटी एका शॉटचं लाइटिंग चुकलेलं दिसलं की तेवढ्यापुरते पहिले पाढे पंचावन्न. म्हणून फ्रेम अनेक मशिनांवर वाटून काढतात, तो रेंडर फार्म. क्लाउडवर पैसे ओतायचे नसतील तर ब्लेंडरवाल्यांपुढे तीन वाटा आहेत: शीपइट या स्वयंसेवकांच्या सेवेवर काम टाकणं, फ्लेमेंको लावून ओळखीतल्या मशिनांचा फार्म करणं, किंवा बॉइंक या स्वयंसेवकांची मशिनं जोडणाऱ्या चौकटीवर स्वतःचीच सार्वजनिक सेवा चालवणं.

मशिनं किती मिळतील, हे सगळेच विचारतात. त्याआधी दोन गोष्टी ठरवा: फाइल कोणाच्या डिस्कवर उतरलेली चालेल, आणि ब्लेंडरची आवृत्ती कोणाच्या हातात असेल.

शीपइट: तुमची फाइल, लोकांची मशिनं

इथे सर्व्हर सांभाळायचा नाही. ब्लेंड फाइल चढवायची, बाकीच्यांची मशिनं फ्रेम काढतात. तुम्हीही जावावर चालणारा क्लायंट सुरू ठेवून इतरांच्या फ्रेम काढल्या की पॉइंट जमतात आणि तुमच्या कामाला रांगेत प्राधान्य मिळतं. पॉइंट नसले तरी काम होतं, थांबावं मात्र लागतं. क्लायंट लागेल ती ब्लेंडर आवृत्ती स्वतः उतरवून घेतो. त्यामुळे अपग्रेडची डोकेदुखी सेवा चालवणाऱ्यांची. तुम्ही त्यांनी उपलब्ध केलेल्या आवृत्त्यांतूनच निवडायचं. नवी आवृत्ती आली त्याच रात्री प्रॉडक्शन तिच्यावर नेण्याचा मोह इथे नडतो.

फाइल तयार करणं हेच खरं काम. प्रत्येक फ्रेम वेगळ्या मशिनवर निघणार, म्हणून कापड, धूर, पाणी, पार्टिकल यांचं सिम्युलेशन आधी बेक करून, म्हणजे त्याचा हिशेब करून साठवून, फाइलसोबत जायला हवं. नाहीतर ४१व्या फ्रेममधलं कापड ४०व्याशी जुळत नाही. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, फाइलमध्येच पॅक करा, तुमच्या मशिनवरच्या ॲडऑनवर काही अवलंबून ठेवू नका, आउटपुट पीएनजी किंवा ईएक्सआर घ्या. मेमरीचा हिशेबही आधीच करा: ४,०९६ बाय ४,०९६चं ८ बिटी, चार चॅनेलचं टेक्स्चर ग्राफिक्स कार्डात साधारण ६४ एमबी व्यापतं. अशी ६० टेक्स्चर म्हणजे पावणेचार जीबी, म्हणजे ४ जीबीची कार्डं बाद. मागच्या रांगेतल्या खुर्चीला ४केचं टेक्स्चर कशाला लागतं, हे एकदा बघाच. १केवर आणलं तर जागा सोळा पट कमी होते.

ग्राहकाचं काम करार करून केलेलं आणि गुप्त असेल तर इथेच थांबा. फाइल अनोळखी मशिनवर उतरते, एवढं कारण पुरे.

फ्लेमेंको: ओळखीतली मशिनं, एकच नेटवर्क

फ्लेमेंको ब्लेंडर स्टुडिओचं, मुक्त स्रोत. तिसऱ्या आवृत्तीपासून ते गो भाषेत नव्याने लिहिलंय आणि उभारणी खूप सोपी झाली आहे. एका मशिनवर कामं वाटणारा मॅनेजर, बाकीच्यांवर फ्रेम काढणारे वर्कर, ॲनिमेटरच्या ब्लेंडरमध्ये ॲडऑन, आणि सगळ्यांना दिसणारा शेअर्ड फोल्डर. गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचा फोल्डर त्या जागी चालत नाही: फाइल सिंक व्हायच्या आत वर्कर ती उघडायला जातो आणि काम फसतं. साधा नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्क) किंवा एका मशिनवरचं विंडोज शेअर पुरतं.

हिशेब असा: सहा सारखी मशिनं असतील तर वरचे २१६ तास ३६ वर येतात. मशिनमागे ३५० वॉट धरले तर सुमारे ७६ युनिट. १० रुपये दराने साडेसातशेच्या आसपास.

वर्कर तीनदा फसला की मॅनेजर त्याला त्या जॉबमधल्या त्या प्रकारच्या कामातून बाजूला काढतो, त्यामुळे एक खराब मशीन सगळी रात्र वाया घालवत नाही. सगळेच वर्कर बाजूला पडले असतील तर मशिनं तपासत बसू नका. बहुतेक वेळा शेअर्ड फोल्डरचा पाथ चुकलेला असतो. विंडोज आणि लिनक्स मिसळले असतील तर पाथ बदलून देणारे दुहेरी व्हेरिएबल लिहावेच लागतात.

मित्र दुसऱ्या शहरात असेल तर? मॅनेजरला लॉगिन नसतं. त्याचं ८०८० पोर्ट इंटरनेटला उघडा केलात तर कोणीही तुमच्या मशिनांवर जॉब चालवू शकेल. व्हीपीएनने दार बंद राहतं, वेग मात्र मिळत नाही. दोन जीबीची टेक्स्चर २० एमबीपीएस अपलोडवरून वाचायला तेरा-साडेतेरा मिनिटं, आणि ब्लेंडर प्रत्येक टास्कला नव्याने उघडतं. त्या वेळात वर्करकडून काहीच खबर आली नाही तर दहा मिनिटांनी टास्कची मुदत संपते. तेव्हा लांबच्या मशिनला फाइलची स्थानिक प्रत द्या, नाहीतर त्याला वगळा.

अपग्रेडचा क्रम मोडू नका. चालू जॉब संपू द्या. वर्कर बंद, मग मॅनेजर बंद. एसक्यूलाइट डेटाबेस आणि कॉन्फिगरेशनची प्रत बाजूला ठेवा, कारण नवा मॅनेजर सुरू होताना डेटाबेस बदलतो आणि मागे फिरायचं तर ती प्रतच कामी येते. मग नवा मॅनेजर, त्याच आवृत्तीचे वर्कर, आणि मॅनेजरच्या वेबपानावरून उतरवलेलं ॲडऑन. ॲडऑन एकाच ॲनिमेटरच्या मशिनवर जुनं राहतं आणि जॉब फक्त त्याचेच अडतात, हा नेहमीचा घोळ.

ब्लेंडर मात्र जुन्यावर नवं टाकू नका. ४.२ आणि ४.५ वेगळ्या फोल्डरात ठेवा, आणि ४.२ मध्ये सुरू झालेली फिल्म ४.२ मध्येच संपवा. ४.२ मध्ये ईव्ही हे ब्लेंडरचं दुसरं रेंडर इंजिन नव्याने लिहिलं गेलं. एका वर्करवर चुकून ४.१ राहिलं आणि जॉबचे तुकडे दहा-दहा फ्रेमचे असले, तर व्हिडिओत मधेच दहा फ्रेम सावल्या बदलतात आणि पुन्हा जागेवर येतात. एकेक फ्रेम पाहताना हे ध्यानात येत नाही. म्हणून अपग्रेडनंतर एकच फ्रेम प्रत्येक मशिनवर काढा आणि एकावर एक ठेवून फरक पाहा.

बॉइंक: सेवाच चालवायची असेल तर

बर्कलीच्या या चौकटीवर बर्प आणि फिनलंडची रेंडरफार्म डॉट एफआय या सार्वजनिक रेंडर सेवा उभ्या राहिल्या. दुसरीने गुप्ततेचा प्रश्न मुळातच सोडवला: काम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली द्यायचं. हे धोरण आजही शहाणपणाचं वाटतं.

लिनक्स, अपाची, पीएचपी, मायएसक्यूएल आणि सतत मागे चालणारे पाच-सहा प्रोग्राम (डीमन), हे सांभाळणारा माणूस हवा. खरी अडचण पडताळणीची. आलेली फ्रेम बरोबर आहे हे कसं कळणार? तेच काम दोन मशिनांना द्यायचं आणि जुळवायचं. पण वेगळ्या प्रोसेसरवर दशांशांची गोळाबेरीज किंचित वेगळी येते, त्यामुळे बाइट न् बाइट जुळत नाही. एकतर पिक्सेलमधल्या फरकाला मर्यादा घाला, नाहीतर दोन्ही प्रती एकाच जातीच्या मशिनांना द्या. दोन्हींत अर्धी ताकद तपासण्यातच जाते. सातत्याने बरोबर फ्रेम देणाऱ्या मशिनांना पुढे एकच प्रत द्यायची सोय आहे, ती वापरा.

प्रत्येक ब्लेंडर आवृत्ती विंडोज, लिनक्स आणि मॅकसाठी वेगळी बांधून तिच्यावर डिजिटल सही करावी लागते. तीन आवृत्त्या म्हणजे नऊ पॅकेजं. सहीची खाजगी किल्ली सर्व्हरवर ठेवू नका. नेटला न जोडलेल्या मशिनवर सही करा. सर्व्हर फोडणाऱ्याच्या हाती ती लागली तर त्याचा प्रोग्राम सगळ्या स्वयंसेवकांच्या मशिनांवर चालेल.

स्वयंसेवकाने फ्रेम परत देण्याची मुदतही विचार करून ठेवा. चार तास ठेवली तर लॅपटॉप मिटून जेवायला गेलेल्याचं काम पुन्हा वाटलं जातं. सात दिवस ठेवली तर शेवटच्या तीस-चाळीस फ्रेमसाठी अख्खी फिल्म आठवडाभर लटकते. बँडविड्थचं बिल तर येणारच: ३०० एमबीची एक फाइल २०० मशिनांना गेली की ६० जीबी.

मग कुठे जायचं?

एकटा ॲनिमेटर, उघडं काम, तारखेची घाई नाही: शीपइट. कॉलेजची लॅब किंवा चार-पाच जणांचा स्टुडिओ: फ्लेमेंको. लॅबमध्ये वर्करना झोपेचं वेळापत्रक लावा, सोमवार ते शुक्रवार ९ ते ६ बंद, म्हणजे प्रॅक्टिकल चालू असताना कोणाचा माउस अडकणार नाही. बॉइंकचा विचार सर्व्हर सांभाळणारे दोघं तरी ठरल्यावरच करा. एकच असेल आणि तो परीक्षेला बसला, तर रांग तशीच पडून राहते.