मंडळ रजिस्टर करायचं आहे: सोसायटी, ट्रस्ट की कंपनी?

गावात दहा-बारा पोट्टे जमले, कबड्डीचा संघ झाला, दोन वर्षं स्पर्धा भरवल्या, की पारावर कोणीतरी म्हणतोच, "आता रजिस्टर करून टाका जी, अनुदान भेटते." वाचनालयाचं, भजनी मंडळाचं, झाडीपट्टीतल्या नाटक मंडळाचंही असंच होतं. मग तालुक्याच्या ठिकाणचा एखादा कागदपत्रवाला सांगतो, "सात जणांचे आधार अन् फोटो आणा, बाकी मी पाहतो." कोणता प्रकार घ्यायचा, हे कोणी विचारण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

पर्याय मुख्यतः तीन. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी, १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालचा ट्रस्ट, आणि २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ची ना-नफा कंपनी. लोक आधी खर्च विचारतात. माझ्या मते आधी विचारायचं ते हे: उद्या आपसात वाजलं, तर संस्था कोणाच्या हाती राहील? तिघांची उत्तरं पार वेगळी आहेत आणि निवड तिथेच होते. नोंदणीचा खर्च एकदाच होतो, भांडण मात्र वर्षानुवर्षं चालतं.

सोसायटी सभासदांची असते. किमान सात जण लागतात. सर्वसाधारण सभा कार्यकारिणी निवडते आणि मुदत संपली की पुन्हा निवडणूक होते. कबड्डी मंडळ, वाचनालय, नाटक मंडळ यांचा स्वभावच असा असल्यामुळे बहुतेक गावांसाठी मी सोसायटीच सांगेन. वाचनालयाला शासनमान्यता आणि अनुदान हवं असेल तर पर्यायही फारसा उरत नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. महाराष्ट्रात धर्मादाय उद्देशाची सोसायटी १९५०च्या कायद्यातही सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थाच मानली जाते. म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय एकच असलं तरी नोंदणी दोनदा. पहिल्या प्रमाणपत्रावर "महाराष्ट्र" पासून सुरू होणारा क्रमांक येतो आणि दुसऱ्यावर "एफ" क्रमांक. पहिला कागद हाती आला की पेढे वाटून मोकळे झालेले आणि एफ क्रमांक राहून गेलेले कितीतरी अध्यक्ष आपल्याकडे सापडतील. पैसे घेण्याआधी कागदपत्रवाल्याला विचारा, दोन्ही करून देणार का.

ट्रस्ट सभासदांचा नसतो, तो विश्वस्तांचा असतो. दोघे-तिघेही पुरतात. विश्वस्त कोण, किती काळ, एक गेला तर दुसरा कोण नेमणार, हे सगळं विश्वस्तपत्रात लिहिलेलं असतं. तिथे "तहहयात" असं लिहिलेलं असलं की त्यांना हलवणं अवघड. गावाची सभा भरून त्यांना उठवू शकत नाही. एखाद्या शिक्षकाने निवृत्तीचा पैसा घातला, किंवा एखाद्या घराण्याने जागा देऊन वसतिगृह काढलं, तर हे योग्यच आहे. ज्याने घातलं त्याचा हेतू टिकावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. पण साऱ्या गावाच्या वर्गणीतून उभं राहिलेलं समाजमंदिर चार जणांच्या ट्रस्टमध्ये घातलं, की दहा वर्षांनी त्या चौघांची पोरं "आमचं आहे" म्हणतात आणि कागद त्यांच्याच बाजूने बोलतो. विश्वस्ताला काढता येतं, १९५०च्याच कायद्यात कलम ४१-डी आहे; पण गैरकारभार सिद्ध करत बसावं लागतं.

सोसायटीतलं भांडण वेगळ्या वळणाने जातं. दोन गट पडतात. दोघे वेगवेगळ्या सभा घेतात, दोन ठराव होतात, दोन कार्यकारिण्या निवडून येतात. बदल झाल्यापासून ९० दिवसांत कलम २२चा चेंज रिपोर्ट, म्हणजे काय बदललं याची धर्मादाय कार्यालयाला लेखी खबर, द्यायची असते, तीही दोघे देतात. एकमेकांच्या रिपोर्टवर हरकती घेतल्या की प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं. तोवर बँक सही बदलून देत नाही आणि अनुदान अडकतं. या सगळ्याचं मूळ बहुतेकदा एकच असतं: सभासद कोण, हेच ठरलेलं नसतं. एक्कावन्न रुपये दिले होते म्हणणारे तीस असतात, पावती दहांकडे असते आणि नोंदवहीत नावं असतात सातच, पहिल्या दिवशीची. म्हणून सोसायटी करणार असाल तर सभासद नोंदवहीला तिजोरीइतकं जपा, आणि घटनेत सभासदत्व कसं मिळतं, कसं जातं, सभेची नोटीस कशी व किती दिवस आधी द्यायची, हे स्वतः बसून लिहा. कागदपत्रवाल्याकडे तयार नमुना असतो. त्यात तुमच्या मंडळाचं नाव बदललेलं असतं, बाकी सगळं कुठल्यातरी शिक्षण संस्थेचं.

उद्देश पुढे बदलावासा वाटला तरी फरक पडतो. सोसायटीत तीन पंचमांश मतांनी ठराव करायचा आणि महिन्याभराने दुसऱ्या सभेत तो पुन्हा तितक्याच मतांनी कायम करायचा. कटकट आहे, पण वाट आहे. ट्रस्टच्या पत्रात बदलाचा अधिकार लिहिला नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडून योजना, म्हणजे ट्रस्ट पुढे कसा चालवायचा याचा आराखडा, मंजूर करून घ्यावी लागते. आज कबड्डी आणि उद्या अभ्यासिका, असं ज्यांचं चालणार आहे त्यांनी ट्रस्टच्या वाटेला जाऊ नये.

कंपनीबद्दल थोडक्यात. दोन सभासद, दोन संचालक, सगळं काम ऑनलाइन, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा नाहीत. शहरातले सल्लागार हिची फार तारीफ करतात, कारण वर्षभराचं काम त्यांच्याचकडे राहतं. उलाढाल शून्य असली तरी ऑडिट करावंच लागतं, आणि वार्षिक फॉर्म चुकला तर दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढतं. दोन फॉर्म चार महिने राहिले तर २४,००० रुपये, म्हणजे कित्येक मंडळांची वर्षाची सगळी वर्गणी. भांडण झालं तर मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात जायचं. मोठ्या कंपन्यांचा पैसा घेऊन चार जिल्ह्यांत काम करणाऱ्यांसाठी ठीक आहे. गावच्या मंडळाने तिच्या नादी लागू नये.

रोजच्या कागदांच्या बाबतीत सोसायटी आणि ट्रस्ट जवळपास सारखेच. ३१ मार्चला वर्ष संपतं, त्यानंतर सहा महिन्यांत ऑडिट. पदाधिकारी बदलले, कोणी वारलं, जागा घेतली की चेंज रिपोर्ट. सोसायटीला दरवर्षी कार्यकारिणीची यादीही द्यावी लागते. अर्ज आता ऑनलाइन भरता येतात, तरी सुनावणी आणि मूळ कागद यांसाठी जिल्ह्याला जाणं सुटत नाही. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर पडतं, धारणीहून अमरावतीला अख्खा मेळघाट ओलांडावा लागतो. त्यामुळे सचिव निवडताना भाषण चांगलं करणारा पाहू नका. तारखेला जिल्ह्याला जाईल आणि कागद सांभाळेल, असा पाहा.

आता जागेचं, कारण विदर्भात घोळ बहुधा इथेच होतो. एखादे आजोबा म्हणतात, "माझं अर्धा एकर वावर मंडळाला देतो." देणं इतकं सोपं नाही. विदर्भासाठी १९५८चा वेगळा कूळकायदा आहे आणि शेतकरी नसलेल्याच्या नावावर शेतजमीन विक्रीने किंवा बक्षीसपत्रानेही थेट करता येत नाही. सोसायटी असो वा ट्रस्ट, आधी महसूल खात्याची परवानगी लागते. एकदा जागा नावावर झाली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची कलम ३६खालची परवानगी घ्यावी लागते. ही अट लोकांना जाच वाटते. मला ती गावाच्या मालमत्तेवरचं कुलूप वाटते. आणि ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या जमिनीवर व्यायामशाळेचं शेड ठोकलं असेल, तर कोणतीही नोंदणी ती जागा तुमची करत नाही. नोंदणीसाठी जोडायला पत्ता लागतो, तो कोणाच्या तरी घराचा द्या, घर टॅक्सची पावती आणि मालकाचं ना-हरकत पत्र जोडा.

काही कामांना या तिन्हींपैकी काहीच नको. वर्षातून एकदा शारदा किंवा गणपती बसवायचा, एवढंच असेल तर वर्गणीसाठी कलम ४१-सीची परवानगी घ्या आणि हिशेब द्या. बचत गटाला नोंदणीची सक्ती नाही. तूर किंवा संत्रा एकत्र विकून नफा वाटून घ्यायचा असेल तर ते ना-नफा काम नव्हेच. सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी बघा. जंगलाचं म्हणाल तर संस्था काढायच्या आधी ग्रामसभा आठवा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबू विकला तो ग्रामसभेने, कोणत्या एनजीओने नव्हे. जिथे कायद्यानेच अधिकार ग्रामसभेचा आहे, तिथे मध्ये सात जणांची सोसायटी घालणं म्हणजे गावाचा हक्क आपणहून सात घरांत आणून ठेवणं.

राहिला देणगीचा मुद्दा. नोंदणी झाली की सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा येतो, हा समज कोळसा खाणींच्या आणि सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात जोरात आहे. अशा कंपनीला हे काम बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यायचं असेल तर त्या संस्थेचा तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, शिवाय आयकर खात्याच्या ज्या नोंदण्यांना सगळे १२ए आणि ८०जी म्हणतात त्या आणि सीएसआर-१ क्रमांकही लागतो. सोसायटी असो, ट्रस्ट असो की कंपनी, ही अट सगळ्यांना सारखीच आहे, तेव्हा सीएसआरसाठी म्हणून एखादा प्रकार निवडण्यात अर्थ नाही. ८०जी मिळाल्यावरही २,००० रुपयांवरची रोख देणगी देणाऱ्याला सूट मिळवून देत नाही. म्हणून संस्थेचं पॅन आलं की लगेच बँकेत संस्थेच्या नावाने खातं उघडा, आणि पावतीपुस्तक छापाल तेव्हा त्यावर एफ क्रमांक, ट्रस्ट असेल तर ई क्रमांक टाका. छापखान्यातून पुस्तक आधी आणि क्रमांक मागून, असं चालत नाही.