आईचे दोन इनहेलर : अकरा महिन्यांनंतर

आम्ही घरात दमाच म्हणायचो. जळगावला स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, केली तेव्हा कळलं, हा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. आईने जन्मात विडी ओढली नाही. चाळीस वर्षं चुलीत पऱ्हाट्या जाळल्या, तेवढं पुरलं.

आधी सालमेटेरॉल-फ्लुटिकासोन होतं, कॅप्सूल यंत्रात फोडून पावडर ओढायचं. पाच महिने चाललं. औषधाला नावं ठेवत नाही; पण पावडर ओढायला श्वासात जोर लागतो आणि तोच तिच्यात उरला नव्हता. "माले काही लागनंच नही," म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो. एकदा ओढून झाल्यावर कॅप्सूलचे तुकडे तळहातावर झटकले, तर निम्मी पावडर तशीच! त्यात पावसाळ्यात आईने सगळ्या कॅप्सूल पाकिटातून काढून कुंकवाच्या डबीत भरलेल्या. ओल लागून पावडरीच्या गुठळ्या.

डॉक्टरांना ती कॅप्सूल दाखवली. त्यांनी फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडचा गॅसचा पंप दिला, स्पेसर लावून; स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचं प्लास्टिकचं नळकांडं. पंप हलवायचा, स्पेसरमध्ये एक फवारा, सावकाश ओढायचं, दहापर्यंत श्वास धरायचा, मग दुसरा. फॉर्मोटेरॉल 1 ते 3 मिनिटांत लागू पडतं, सालमेटेरॉलला 10 ते 20 मिनिटं. पुढे दोन्ही साधारण 12 तास टिकतात. तिला हे लगेच जाणवतं, म्हणून चुकवत नाही. आता अंगण एका दमात झाडते, मध्ये ओट्यावर बसत नाही. अर्थात औषध आणि यंत्र दोन्ही एकदमच बदलली, पण मला तरी खरा फरक ओढण्याचाच वाटतो.

दोन्हींत स्टेरॉइड आहे, ते तोंडात राहिलं तर बुरशी धरते, त्यामुळे चूळ भरणं आलंच. ती चूळ भरून पाणी गिळायची, "वाया कशाला!" जिभेवर पांढरा थर आला तेव्हा थुंकायला लागली. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळवायचा. पदराने पुसला की प्लास्टिकला स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. हे तिला अजून पटत नाही.

पंपात 120 फवारे, दिवसाला 4, म्हणजे 30 दिवस. आमच्या पंपावर आकडा दिसत नाही, म्हणून कॅलेंडरवर खूण करतो. मे महिन्यात तो ट्रॅक्टरच्या पेटीत राहिला होता, 44 अंशांत. फेकून नवा आणला.

तक्रार एकच, स्पेसरच्या आकाराची. हातातल्या पिशवीत तो मावत नाही, म्हणून लग्नकार्याला गेली की आई तो मुद्दाम घरी विसरते.